दालचिनीचा गोड फ्रेंच टोस्ट मध्ये ओला का राहतो?

इंदिरानगरच्या एका ताईंनी विचारलंय: "मुलाला एकदा बाहेर दालचिनीचा गोड फ्रेंच टोस्ट खाऊ घातला, तेव्हापासून दर रविवारी त्याचीच मागणी. घरी केला की वरून काळपट होतो आणि आतून ओला राहतो. अंड्याचा वास येतो. दालचिनी दुधावर तरंगते आणि सगळी पहिल्याच स्लाइसला चिकटते. सासूबाई अंडं खात नाहीत, त्यांच्यासाठीही काही सांगा. सगळं मापात हवं, अंदाजे नको."

ताई, नाशिकच्या गंगापूर धरणाच्या बाजूला एका लहानशा गेस्टहाउसमध्ये सकाळचा नाश्ता मी १७ वर्षं सांभाळतेय. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याकडून द्राक्षमळे बघायला येणारी मंडळी मिसळ खायला शहरात उतरतात. पण सोबत लहान मुलं असली की ती तिखटाला नाही म्हणतात, आणि मग माझ्या तव्यावर फ्रेंच टोस्ट चढतो. तुमच्या चारही तक्रारी मी स्वतः भोगलेल्या आहेत. दालचिनीची आणि वासाची सोडली, तर बाकी दोन्ही एकाच ठिकाणाहून येतात: ब्रेडमध्ये किती ओल गेली आणि ती आत थिजली की नाही.

आपल्याकडे पुष्कळ घरांत फ्रेंच टोस्ट म्हटलं की कांदा, मिरची, कोथिंबीर घातलेल्या अंड्यात बुडवून तळलेला तिखट ब्रेड असतो. तो झटपट प्रकार आहे. अंडं बाहेरून लपेटलं जातं, आत ब्रेड कोरडाच राहतो आणि तेच छान लागतं. गोड टोस्ट आपण त्याच हाताने, त्याच आचेवर करायला जातो आणि तिथे फसतो. गोड प्रकारात दूध-अंडं ब्रेडच्या पोटात शिरायला हवं आणि शिरल्यावर तिथे थिजायला हवं. कॅरॅमल पुडिंग कुकरमध्ये कसं हळूहळू थिजतं? तीच क्रिया इथे ब्रेडच्या छिद्राछिद्रांत तव्यावर घडवायची आहे. दूध, अंडं आणि साखर यांचं मिश्रण साधारण ७५ ते ८० अंशांच्या आसपास थिजतं. तव्याचं तापमान सहज १५० अंशांच्या पुढे असतं. म्हणजे वरचा थर मिनिटभरात लाल होतो आणि मधला भाग मात्र अजून कोमट असतो. त्यात तुम्ही दूध फ्रिजमधून काढून थेट वापरत असाल तर मधला भाग आणखीच मागे पडतो. मोठी आच ठेवली की काळं आणि ओलं या दोन्ही तक्रारी एकाच स्लाइसवर मिळतात.

आता ब्रेड. माझं निम्मं उत्तर इथेच आहे.

पाकिटातला सँडविच ब्रेड जेमतेम करंगळीएवढा जाड असतो. त्यात दूध-अंडं भरपूर मावत नाही, आणि मावलं तर उचलताना स्लाइस मधोमध तुटतो. शक्य असेल तर बेकरीतून न कापलेला मिल्क ब्रेड आणा आणि घरी करवतीच्या सुरीने २ सेंटिमीटर जाडीचे स्लाइस करा. बेकरीवाल्याला सांगितलं तर तो जाड कापून देतो, पण सकाळच्या गर्दीत सांगू नका. आमच्या जवळच्या एका बेकरीत मी तीनदा "जाड" म्हटलं आणि तीनदा मशीनचे पातळ स्लाइस घेऊन घरी आले. शेवटी सुरीच चांगली घेतली. कडा कापायच्या नाहीत. उचलताना त्याच स्लाइसला धरून ठेवतात.

ब्राउन ब्रेड टाळा. कोंड्यामुळे तो लवकर भुगा होतो आणि दालचिनीच्या बरोबर त्याची कडसर चव पुढे येते. बेकरीतला गोड बन चालतो, पण त्यात आधीच साखर असल्याने तो झपाट्याने लाल होतो, म्हणून आच आणखी कमी ठेवावी लागते. आणि आपला लादी पाव? नाशिकच्या घराघरांत शनिवारी रात्री किंवा रविवारी मिसळीनंतर चार-सहा पाव उरतातच. ते आडवे कापा, कापलेली बाजू खाली ठेवून भिजवा, पाठीच्या तपकिरी बाजूला फक्त ओझरता हात लावा. कापलेली बाजू स्पंजासारखी पिते, पाठ पीत नाही. चुलत्याच्या पंगतीत जेवावं तसं आहे हे, एका बाजूने आग्रह आणि दुसऱ्या बाजूने काही नाही. पण टोस्ट उत्तम होतो. माझ्या नातवाला तर स्लाइसपेक्षा पावाचाच आवडतो.

ब्रेड शिळा घ्या असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. शिळा होणं आणि वाळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. शिळा होताना ब्रेडमधला स्टार्च पुन्हा आवळून बसतो. ब्रेड कडक लागतो, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत असेल तर त्यातलं पाणी बरंचसं आतच असतं. आपल्याला हवं आहे ते पाणी बाहेर जायला, म्हणजे त्या जागी दूध बसेल. ब्रेड फ्रिजमध्ये ठेवला तर तो बाहेरच्यापेक्षाही लवकर शिळा होतो, हे बऱ्याच जणींना पटत नाही, पण स्टार्च थंडाव्यात जास्त वेगाने आवळतो. तेव्हा फ्रिजमधला दोन दिवसांचा ब्रेड "शिळा आहे, चालेल" म्हणून थेट बुडवू नका. त्याला वाळवायलाच हवं.

वाळवायचं कसं हे नाशिकच्या हवेवर ठरतं. थंडीत, म्हणजे निफाडचा पारा पेपरात झळकायला लागतो त्या दिवसांत, हवा इतकी कोरडी असते की रात्री स्लाइस जाळीवर उघडे ठेवून वर पातळ पंचा टाकला की सकाळी काम झालेलं असतं. पावसाळ्यात हा प्रयोग करू नका. जुलै-ऑगस्टमध्ये रात्रभर उघडा ठेवलेला ब्रेड वाळत नाही, उलट दमट होतो आणि दुसऱ्या दिवशी कडेला बुरशीचा हिरवा ठिपका दिसतो. तेव्हा ओव्हन असेल तर १२० अंशांवर दोन्ही बाजूंनी मिळून १५ ते २० मिनिटं. ओव्हन नसेल तर कोरडा तवा, अगदी मंद आच, प्रत्येक बाजूला ३-४ मिनिटं. रंग यायला नको. बोटाने दाबलं तर वरचा पापुद्रा कडकसर आणि मध्ये किंचित मऊ, इतकंच.

हे टाळून काय होतं ते सांगते. माझ्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी १४ जणांचं एक कुटुंब उतरलं होतं. सकाळी धावपळ नको म्हणून मी रात्रीच ३० स्लाइस मोठ्या परातीत दूध-अंड्यात भिजवून फ्रिजमध्ये ठेवले. ब्रेड त्याच संध्याकाळचा, ताजा, मऊ लुसलुशीत. सकाळी परात काढली तर स्लाइस नव्हतेच. उलथनं घातलं की चिखल. आठ वाजता लोक टेबलावर आणि माझ्यासमोर लगद्याची परात. काय केलं? स्टीलच्या डब्यांना तूप लावलं, तळाशी साखर जाळली, तो सगळा लगदा ओतला आणि शिट्टी काढून कुकरला लावला. तोवर पोहे दिले. पुडिंगचं फार कौतुक झालं, ते कुटुंब पुढच्या वर्षी आलं तेव्हा त्यांनी तेच मागितलं. मला मात्र तो सोमवार अजून आठवतो, कारण परात घासायला तासभर लागला होता.

मापं घ्या. ४ जाड स्लाइससाठी, किंवा पातळ असतील तर ७-८ साठी:

२ अंडी आणि शिवाय १ अंड्याचा फक्त पिवळा बलक; १५० मिली दूध; १ मोठा चमचा साखर; चिमूटभर मीठ; अर्धा चहाचा चमचा व्हॅनिला; १ मोठा चमचा पातळ केलेलं लोणी; अर्धा चहाचा चमचा दालचिनी पूड. मोठा चमचा म्हणजे १५ मिलीचा, चहाचा म्हणजे ५ मिलीचा. पोह्याचा चमचा प्रत्येक घरात वेगळा असतो, त्यावर जाऊ नका.

दूध पूर्ण सायीचं घ्या, पिशवीवर फुल क्रीम लिहिलेलं, त्यात ६ टक्के स्निग्धांश असतो. टोन्ड दुधात ३ टक्केच, त्याने टोस्ट पाणचट होतो. घरात टोन्डच असेल तर त्यातलं २ मोठे चमचे दूध कमी करून तेवढी घरची साय घाला. दुधाचं प्रमाण वाढवण्याचा मोह होतो, कारण शेवटचे दोन स्लाइस उरतात आणि मिश्रण संपतं. तेव्हा नुसतं दूध ओतू नका. एका अंड्याला ६० मिली दूध हा हिशोब धरून दोन्ही वाढवा. दूध एकटं वाढलं की ते आत थिजत नाही, नुसतं भिजून राहतं. तुमचा मधला ओलेपणा बहुतेक इथलाच आहे.

दूध कोमट करून घ्या, बोट सहज ठेवता येईल इतकं. थंड दुधात पातळ लोणी घातलं की त्याचे पिवळे मणी होतात. आणि कढत दुधात अंडं घातलं तर काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

अंड्याचा वास. आपल्याकडे त्याला हिवस म्हणतात. तो मुख्यतः पांढऱ्या भागातून येतो. पांढऱ्यात गंधकाची संयुगं असतात आणि ती जास्त तापली की तो वास सुटतो. नीट न फेटलेल्या पांढऱ्याची चिकट तार ब्रेडमध्ये शिरत नाही, वरच राहते, तव्यावर तिचा पांढरा तुकडा तळला जातो, आणि मूल नेमकं तोच घास तोंडातून बाहेर काढतं. म्हणून मी एक बलक जास्त आणि पांढरं कमी ठेवते, काट्याने मिनिटभर फेटते, आणि मग गाळणीतून गाळते. गाळणीवर उरतं ते पाहिलं की गाळण्याचा कंटाळा पुन्हा येत नाही. व्हॅनिला ही मदत आहे, इलाज नाही. वेलदोडा-जायफळही चालतं, पण मग दालचिनी मागे जाते. तिघांना एकत्र घातलं तर टोस्टला श्रीखंडाचा वास येतो.

दालचिनी तरंगते त्याचं कारण सोपं आहे. तिचा सुगंध तेलकट असतो, तिची पूड हलकी असते, दूध तिला लवकर भिजवत नाही. गुठळी होऊन ती वर येते. आणि पहिला स्लाइस बुडवला की ती सगळी त्यालाच चिकटते, तुमच्याकडे होतं तसंच. उपाय दोन. पहिला: दालचिनी आधी साखरेत नीट चोळा, मग त्यात ते पातळ लोणी घालून लगदा करा, त्यावर चमचाभर दूध, मग अंडी, मग उरलेलं दूध. लोण्यात ती चटकन मिसळते. दुसरा, आणि माझा आवडता: आत फक्त अर्धा चमचा, बाकी सगळी दालचिनी बाहेर, साखरेबरोबर, टोस्ट तव्यावरून उतरल्यावर. तळताना दालचिनी बाहेरच्या थरात जास्त असली की ती करपते आणि कडू होते. पुष्कळ जणींना वाटतं टोस्ट करपला. करपलेली असते दालचिनी.

कोणती दालचिनी? आपल्या किराणा दुकानात मिळते ती बहुतेक जाड सालीची कॅशिया. रंग गडद, चव झणझणीत, मसालेभातासाठी आणि काळ्या मसाल्यासाठी हीच हवी. दुसरी सिलोनी, श्रीलंकेची, कागदासारखे पातळ थर एकात एक गुंडाळलेले, चिरूटासारखी दिसते आणि हाताने चुरते. ती गोडसर आणि सौम्य असते. रविवार कारंजाकडे मसाल्याच्या दुकानांत मागितली तर मिळते, फक्त "सिलोनी" म्हणून मागा आणि हातात घेऊन थर बघा. कोकणातही दालचिनीची लागवड होते, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' नावाची जातच आहे; तिकडचं कोणी ओळखीचं असेल तर साल मागवून बघा. गंमत म्हणजे नावात चीन आहे. फारसी दारचिनी, म्हणजे चिनी लाकूड, त्याची आपली दालचिनी झाली. डाळीचा तिच्याशी काही संबंध नाही.

लहान मूल दर रविवारी खाणार असेल तर कॅशियाने काही बिघडत नाही. पण रोज खाणार असेल, दुधात, लापशीत, टोस्टवर, तर सिलोनी घ्या. कॅशियात कूमरिन नावाचा घटक बराच असतो आणि तो रोज जास्त पोटात गेला तर यकृताला त्रास देऊ शकतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे. सिलोनीत तो नगण्य असतो.

पूड घरी करा. विकतची पूड डबा उघडल्यापासून महिन्या-दोन महिन्यांत नुसती लाकडाचा भुसा होते. साल तोडून उन्हात तासभर किंवा गरम तव्यावर अर्धा मिनिट, मग दोन चमचे साखरेबरोबर मिक्सरमध्ये. साखरेचे दाणे तिला रगडतात, एकटी साल भांड्यात नुसती उडत राहते. बारीक चाळणीने चाळा, नाहीतर दाताखाली काड्या येतात.

भिजवणं. रुंद, सपाट ताटली घ्या, वाटी नको. वाळवलेला जाड स्लाइस एका बाजूने २० सेकंद, उलटून २० सेकंद. वाळवलेलाच असेल तर ही वेळ. पातळ स्लाइसला ५-६ सेकंद पुरतात. मग त्याला जाळीवर किंवा ताटात २ मिनिटं नुसता ठेवा. हे कोणी सांगत नाही, पण या २ मिनिटांत बाहेरची ओल आत सरकते आणि मधला कोरडा गाभा भिजतो. हात लावून बघा, जड आणि वाकणारा झाला पाहिजे, पण ठिबकता कामा नये.

तवा कोणताही चालतो. नॉनस्टिकवर सोपं जातं. माझा बिडाचा आहे, आईकडून आलेला, तो तापायला ५ मिनिटं घेतो आणि एकदा तापला की लवकर उतरत नाही, त्यामुळे मध्येच मंद करून उपयोग होत नाही, आधीच मंद हवा. नुसतं लोणी टाकू नका. त्यातला दुधाचा अंश १५० अंशांच्या आसपास काळा पडतो. नुसतं तूप टाकलं तर जळत नाही, पण शिऱ्याचा वास येतो. अर्धं तूप, अर्धं लोणी. लोणी फेसाळून फेस बसला की स्लाइस ठेवा. चर्र आवाज यायला हवा, पण हळू. पुरी तळल्याचा आवाज आला तर तवा खूप तापलाय.

मध्यमपेक्षा कमी आच, जाड स्लाइसला प्रत्येक बाजूने साडेतीन ते चार मिनिटं. या वेळात दाबू नका. उलथन्याने टोस्ट दाबायची आपल्याला सवयच आहे, पोळी-पराठ्यावरून आलेली, पण इथे दाबलं की आतलं दूध बाहेर येतं, तव्यावर थिजतं आणि सगळी मेहनत तिथेच चिकटते. एकदाच उलटा. उलटल्यावर मिनिटाभराने स्लाइस जरासा फुगतो. फुगला म्हणजे आत वाफ धरली, अंडं थिजायला लागलं. ही खूण घड्याळापेक्षा खरी. शेवटी मधोमध बोटाने हलकं दाबा. ओलं पाणी वर आलं तर अजून मिनिटभर. स्पंजासारखं परत उठलं तर झालं. स्लाइस खूपच जाड असतील आणि रंग आधी आला असेल तर शेवटचं एकच मिनिट झाकण ठेवा, त्याहून जास्त नको, वाफेने कुरकुरीतपणा जातो. ओव्हन असेल तर १७० अंशांवर ५ मिनिटं, तो राजमार्ग.

प्रत्येक घाण्यानंतर तवा पुसा. हे मी दहा वर्षं केलं नव्हतं, आणि दुसरा घाणा नेहमी ठिपक्याठिपक्यांचा व्हायचा. उरलेलं लोणी काळं होऊन पुढच्या स्लाइसला चिकटत होतं, दुसरं काही नाही.

साखर-दालचिनी कधी लावायची? उतरवल्या उतरवल्या, वर तूप चमकत असताना. ८ भाग साखर, १ भाग दालचिनी, चिमूटभर मीठ, ताटात पसरा, टोस्ट दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा. आपली साखर जाड दाण्याची असते, ती मिक्सरमध्ये फक्त दोनदा फिरवून घ्या. पिठीसाखर नको, ती लगेच ओलसर होऊन चिकट थर होतो. दाणेदार राहिली की दाताखाली कुरकुरते आणि मुलांना त्यातलं तेच आवडतं. जरा वेगळं हवं असेल तर शेवटच्या अर्ध्या मिनिटाला तव्यावरच थोडी साखर भुरभुरा आणि ती बाजू खाली करा. काचेसारखा पातळ पाक धरतो. पण त्या अर्ध्या मिनिटात फोन उचलू नका.

आता सासूबाईंचं. आधी त्यांचा टोस्ट करा, धुतलेल्या तव्यावर, वेगळ्या उलथन्याने, मग अंड्याचा. श्रावणात आणि चातुर्मासात आमच्याकडे अर्ध्या खोल्यांना हाच लागतो, त्यामुळे याचा हात चांगला बसलाय. २५० मिली दूध, २ मोठे चमचे व्हॅनिला कस्टर्ड पावडर, १ मोठा चमचा दूध पावडर, दीड मोठा चमचा साखर, त्यातच दालचिनी चोळलेली. आपल्याकडची कस्टर्ड पावडर म्हणजे कॉर्नफ्लोअर, रंग आणि स्वाद, तिच्यात अंडं नसतं. तरी पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून घ्या म्हणजे त्यांनाही शंका राहणार नाही. पावडर आधी थोड्या थंड दुधात कालवा. आणि लक्षात ठेवा, ती तळाशी बसते. प्रत्येक स्लाइस बुडवण्याआधी तळापासून ढवळा, नाहीतर पहिला स्लाइस दुधाचा आणि शेवटचा पिठाचा होईल. इथे भिजवणं कमी, एका बाजूला ५-६ सेकंदच, कारण अंड्यासारखी पकड नसते. आच थोडी जास्त, मध्यम, आणि तूप जरा सढळ. दूध पावडरमुळे छान तांबूस रंग येतो. काही जणी यात बेसन घालतात, मला नाही आवडत; बेसन पडलं की ब्रेड पकोड्याचा वास येतो आणि दालचिनी बिचारी कोपऱ्यात बसते.

वरून काय घालायचं यावर माझं मत थोडं हट्टी आहे. मेपल सिरप म्हणून स्वस्तात मिळतं ते बहुतेक वेळा रंग-स्वाद घातलेला साखरेचा पाक असतो. खरं मेपल सिरप १ लिटर करायला मेपलच्या झाडाचा ४० लिटरच्या आसपास रस आटवावा लागतो, ते स्वस्त होणारच नाही. त्यापेक्षा काकवी घ्या. काकवी आणि दालचिनी यांचं जे जमतं ते मधाचंही जमत नाही. थोडी कोमट करा आणि चिमूटभर मीठ घाला, बस.

आणि जानेवारी ते मार्च-एप्रिल नाशिकमध्ये राहून टोस्टवर द्राक्षं घातली नाहीत तर काय उपयोग? वाटीभर द्राक्षं उभी चिरा, त्याच तव्यावर चमचाभर लोण्यात २ मिनिटं परता, साल सुरकुतायला लागली की अर्ध्या लिंबाचे थेंब. साखर घालू नका, ती स्वतःच पाक सोडतात. काळी द्राक्षं जास्त छान, रंगही येतो. सापुतारा रस्त्याला सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी मिळते त्या दिवसांत ती कच्चीच चिरून घाला, शिजवली की तिचा जॅम होतो. बाजूला एक चमचा बिनसाखरेचा चक्का. क्रीमपेक्षा चक्का बरा, त्याची आंबट चव गोडाला आवरते.

हा पदार्थ मुळात शिळा पाव वाया जाऊ नये म्हणून जन्माला आला. फ्रेंच लोक त्याला पँ पेर्द्यू म्हणतात, म्हणजे वाया गेलेला पाव, आणि रोमन काळातही पाव दुधात भिजवून, तळून, वर मध ओतून खात असत. आपण शिळ्या पोळीचा गूळ-तुपाचा लाडू करतो, त्यातलाच प्रकार. त्यामुळे याच्यासाठी मुद्दाम महागडा ब्रेड आणायला जाऊ नका.

डब्यात द्यायचा असेल तर टोस्ट आधी जाळीवर पूर्ण गार करा. गरम गरम डब्यात भरला की शाळेच्या सुट्टीपर्यंत त्याचा घामेजलेला ब्रेड होतो. साखर वेगळ्या पुडीत द्या. जास्तीचे टोस्ट गार करून बटर पेपरमध्ये एकेक गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवले तर दोन-तीन आठवडे टिकतात. काढले की थेट मंद तव्यावर. मायक्रोवेव्हमध्ये ते रबर होतात.

अंड्याचं मिश्रण ओट्यावर ठेवून अंघोळीला जाऊ नका. एप्रिल-मे महिन्यात तासाभराच्या आत वापरा किंवा फ्रिजमध्ये टाका, आणि फ्रिजमधलंही दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच. शेवटी वाटीभर उरेलच. त्यात ब्रेडचे टोकाचे दोन तुकडे कुस्करा, स्टीलच्या वाटीला तूप लावून ओता, वर झाकण, कुकरमध्ये खाली पाणी, शिट्टी काढलेली, मंद आचेवर १५ मिनिटं. सुरी खुपसून कोरडी निघाली की झालं. मुलगा शाळेतून आल्यावर गारच द्या.